जुन्या मोटारीचा ब्रेक वाजतो तेव्हा

मावळात तिकोणा किल्ल्याच्या पायथ्याशी तिकोणा पेठ नावाचे गाव आहे. एका अंगाला पवना धरणाचे पाणी, दुसऱ्या अंगाला वितंडगड, म्हणजेच आपला तिकोणा. येथून मोठ्या रस्त्याला लागायचे तर पवनानगर गाठावे लागते. जुनी माणसे अजून त्याला काळे कॉलनीच म्हणतात. तेथून एक रस्ता बेडशाच्या लेण्यांच्या बाजूने कामशेतला जातो, दुसरा दुधिवरे खिंड चढून लोणावळ्याकडे निघतो. एस.टी. आहे, पण ती तिच्या वेळेची. रात्री-अपरात्री घरातल्या बाईला बाळंतपणासाठी न्यायचे, मुलांना परीक्षेच्या केंद्रावर पोचवायचे, चार पोती इंद्रायणी तांदूळ बाजारात टाकायचा, तर दारात गाडी हवी असे वाटू लागते. नवी गाडी झेपत नाही. मग माणूस पिंपरी-चिंचवडला नाहीतर पुण्याला जातो आणि दहा-बारा वर्षे वापरलेली एखादी लहान मोटार बघतो.

बघतो म्हणजे काय करतो? रंग बघतो. टायरवर टिचकी मारतो. इंजिन चालू करून कान लावतो. ब्रेक दाबतो, गाडी थांबते, आणि व्यवहार ठरतो. पुढे महिन्या-दोन महिन्यांनी खिंडीचा उतार उतरताना चाकातून काहीतरी आवाज येऊ लागतो. मग दोन प्रकारची माणसे दिसतात. एक घाबरतो आणि निव्वळ गंजाच्या खरखरीपायी चारही चाकांचे काम काढून हजारो रुपये घालवतो. दुसरा गाण्याचा आवाज मोठा करतो, म्हणजे हा आवाज ऐकू येत नाही. या दोघांसाठी आजचे हे चार शब्द आहेत.

मी मिस्त्री नव्हे, महाविद्यालयात मराठी शिकवणारा माणूस आहे. तेव्हा मोटारीवर बोलण्याचा याला काय अधिकार, असे तुम्ही विचाराल. पण ब्रेकच्या दुखण्यात एक गोष्ट भाषेची आहे. गॅरेजमध्ये जाऊन बहुतेक लोक एवढेच सांगतात, "ब्रेक वाजतोय." दवाखान्यात जाऊन "दुखतंय" म्हणावे, तसेच हे. आपल्या मराठीत आवाजाला शब्दांची काय कमतरता आहे? किरकिर, कुरकुर, करकर, खरखर, घरघर, गुणगुण, खडखड, ठकठक, फुसफुस. व्याकरणात यांना आपण अनुकरणवाचक शब्द म्हणून बाजूला ठेवतो. मोटारीच्या बाबतीत मात्र यांतला प्रत्येक शब्द वेगळ्या जागेकडे बोट दाखवतो. आणि त्याहूनही मोलाची गोष्ट अशी की, आवाज कसा आहे यापेक्षा तो केव्हा येतो यावरून दुखणे अधिक लवकर सापडते. ब्रेक दाबल्यावर येतो की न दाबता? सकाळी पहिल्यांदा, की गाडी तापल्यावर? सरळ जाताना, की वळणावर? पुढे जाताना, की मागे घेताना? एवढ्या प्रश्नांची उत्तरे ज्याच्यापाशी आहेत, त्याचे अर्धे काम झाले.

आता मुळात ब्रेक वाजतोच का, ते पाहू. शिक्षकबंधूंना हे वर्गात दाखवता येईल. खडू फळ्यावर उभा, काटकोनात धरून रेघ ओढा. अंगावर काटा येईल अशी किंकाळी उठते. तोच खडू तिरपा धरला की आवाज बंद. खडू अर्धा मोडून पुन्हा उभा धरा, आवाजाची पट्टी बदलते. याचे कारण असे की खडू फळ्यावरून सलग सरकत नाही. तो क्षणभर चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो, पुन्हा सुटतो, आणि हे सेकंदाला शेकडो, हजारो वेळा घडते. सारंगीच्या गजाला राळ लावतात ती याच चिकटण्या-सुटण्यासाठी. तेथे त्याला आपण सूर म्हणतो, चाकात झाले की कटकट म्हणतो, इतकाच फरक. ब्रेकची जी बारीक, टोचणारी किंकाळी असते, तिची कंपने सेकंदाला हजाराच्या वरची असतात, आणि नेमक्या अशाच उंच आवाजांना आपला कान फार तीक्ष्ण असतो. म्हणून आवाज कानाला जेवढा भयंकर, तेवढा दोष मोठा, असे समीकरण मांडू नका.

मोटारीच्या चाकात हे घासणे दोन तऱ्हांनी होते. पूर्वीच्या ॲम्बॅसडरला चारही चाकांना ड्रम असत. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारे लोखंडी डबडे. त्याच्या आत दोन अर्धगोल शू असतात, त्यांवर अस्तर चिकटवलेले असते. गॅरेजमध्ये या अस्तराला लायनर म्हणतात. पेडल दाबले की शू फाकतात आणि ड्रमला आतून घासतात. दुसरी तऱ्हा डिस्कची. चाकाबरोबर एक लोखंडी तबकडी फिरते, आणि कॅलिपर नावाचा चिमटा तिला दोन्ही बाजूंनी पॅडमध्ये धरतो. सायकलच्या रबरी ब्रेकने रिम धरावी तसा. जुन्या बाजारात मिळणाऱ्या बहुतेक लहान गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात. तेव्हा आवाज पुढून येतो की मागून, हे कळले म्हणजे तो पॅडचा की लायनरचा, याचाही निम्मा निकाल लागतो.

डिस्क ब्रेक आणि किंकाळी यांचे नाते जन्मापासूनचे आहे बरे. इंग्लंडात फ्रेडरिक लँचेस्टर या अभियंत्याने १९०२ साली डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. त्याने पॅड केले होते तांब्याचे. धातूवर धातू घासून जो कर्कश आवाज होई, त्याने लोक हैराण झाले. पुढे हर्बर्ट फ्रूड याने ॲस्बेस्टॉसचे अस्तर आणले, तेव्हा कुठे आवाज मऊ झाला. या ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसात गेली तर कर्करोगापर्यंत मजल जाते, हे नंतर कळले. आज पुष्कळ पॅड त्यावाचून बनतात, पण जुन्या गाडीत कोणते अस्तर बसवले आहे ते कुणी सांगावे? म्हणून ड्रम उघडल्यावर आतली काळी भुकटी तोंडाने फुंकू नका, हवेच्या नळीनेही उडवू देऊ नका. ओल्या फडक्याने पुसा. गॅरेजमध्ये हाताखाली काम करणारी पोरे ही भुकटी सर्रास फुंकतात. त्यांना हे कुणीतरी सांगितले पाहिजे.

आता एकेक आवाज घेऊ.

सगळ्यात आधी मावळच्या पावसातला. रात्रभर गाडी अंगणात भिजली. सकाळी निघताना पहिल्या दोन-चार ब्रेकला खरखर झाली आणि वेशीपर्यंत जाता जाता बंद पडली. हा गंज आहे. डिस्क ओतीव लोखंडाची असते, तिच्यावर एका रात्रीत तांबूस पापुद्रा धरतो, आणि पॅड तो पुसून काढतात. याला औषध नाही आणि गरजही नाही. मात्र गाडी महिना-महिना उभी राहिली असेल तर गंज खोल खड्डे पाडतो. त्या डिस्कची खरखर वेशीपाशी थांबत नाही. विकाऊ गाड्या पुष्कळदा अशाच उभ्या असतात, हे विसरू नये.

ड्रमला पावसाचा त्रास निराळा. हँडब्रेक ओढून गाडी दोन दिवस पावसात ठेवली तर मागचे लायनर ड्रमला धरून बसतात. गाडी हलवताना प्रथम अडते, मग मागून "ठाक्" असा आवाज होऊन सुटते. एकदा सुटली आणि पुढे बिनबोभाट चालली तर काळजी नाही. आमच्याकडे पावसाळ्यात जाणते लोक सपाटीवर गाडी गिअरमध्ये ठेवतात आणि चाकाला दगड लावतात, हँडब्रेक ओढत नाहीत, ते याचसाठी.

दुसरी किंकाळी. ही कोरड्या दिवसातही येते, रोज येते, आणि सपाट रस्त्यावर हळू जातानाही ऐकू येते: बारीक, चीं-चीं करणारी, चाकाच्या फेऱ्याबरोबर. पुष्कळ पॅडना कडेला पोलादाची एक लहानशी जीभ मुद्दाम ठेवलेली असते. पॅड झिजून अगदी थोडा उरला की ती जीभ डिस्कला टेकते आणि ओरडू लागते. म्हणजे हा बिघाड नव्हे, कारखान्याने ठेवलेला जागल्या आहे. काही गाड्यांत तो ब्रेक न दाबताच ओरडतो आणि दाबला की गप्प होतो किंवा आवाज बदलतो. काहींत दाबल्यावरच ओरडतो. ऐकणारा म्हणतो, "ब्रेक दाबला की आवाज जातो, म्हणजे ब्रेक उत्तम!" नेमके उलटे आहे.

नवा पॅड साधारण १० ते १२ मिलिमीटर जाड असतो. तो ३ मिलिमीटरवर आला की बदलण्याच्या तयारीला लागावे. एक रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवली की साधारण एवढी जाडी होते. चाकाच्या फटीतून विजेरी मारून बाहेरचा पॅड दिसतो. परंतु आतला पॅड दिसत नाही, आणि कॅलिपर जाम झाला असेल तर पुष्कळदा आतलाच आधी संपतो. म्हणून चाक काढून दोन्ही बघितल्याशिवाय "पॅड भरपूर आहेत" या शब्दावर विसंबू नये.

जागल्याचे ऐकले नाही तर काय होते? काही दिवसांनी ती बारीक किंकाळी बंद पडते, आणि तिच्या जागी जाड, दळण दळल्यासारखी घरघर येते. पायाला पेडलमधून ती जाणवतेसुद्धा. अस्तर संपले, आता पॅडची लोखंडी पाठ डिस्कवर घासते आहे. आधी एवढे पॅड बदलून भागले असते, आता डिस्कही गेली. खर्चाचे सोडा. लोखंडावर लोखंड घासून गाडी पूर्वीच्या अंतरात थांबत नाही, आणि पावसात तर मुळीच नाही. या आवाजावर गाडी खिंडीत घालू नये. गॅरेज दूर असेल तर मिस्त्रीला गाडीपाशी बोलवावे.

तिसरा प्रकार, ब्रेकशी संबंध नसताना येणारी सतत खसखस किंवा पत्रा घासल्याचा आवाज. डिस्कच्या मागे एक पातळ पत्रा असतो. शेताच्या बांधावरून, चिखलाच्या चाकोरीतून गाडी गेली की तो वाकतो, किंवा त्याच्यात आणि डिस्कमध्ये खडा अडकतो. गाडी थोडी मागे घेतली, पुन्हा पुढे घेतली की कधी कधी खडा आपसूक पडतो. नाही पडला तर चाक काढून हाताने पत्रा सरळ करायचा, पाच मिनिटांचे काम. येथे दोष म्हणावा असे काहीच नाही.

पण याच्याशी मिळतीजुळती एक आहे ती गुणगुण. गाडीचा वेग वाढला की वाढते, कमी झाला की उतरते, ब्रेकचे तिला सोयरसुतक नसते. हा बहुधा चाकाचा बेअरिंग. याची खूण वळणावर पटते. उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या चाकांवर जातो; त्या वेळी गुणगुण वाढली तर संशय डाव्या बाजूवर. डावीकडे वळताना वाढली तर उजव्या. कित्येकांनी या आवाजापायी नवे पॅड घालून घेतले आणि आवाज होता तिथेच राहिला, असे घडते. केव्हा येतो हे विचारले असते तर पॅडपाशी जायचे कारणच नव्हते.

चौथा आवाज एकदाच होतो: "टक्" किंवा "ठक्". गाडी मागे घेतली, मग पुढे घेऊन पहिला ब्रेक दाबला, तेव्हा. पॅड आपल्या खोबणीत किंचित सरकतो, त्याचा हा आवाज. थोडा असेल तर चालतो. प्रत्येक ब्रेकला ठक् होऊ लागले, किंवा खड्ड्यातून जातानाही चाकापाशी खडखडले, तर मात्र कॅलिपरचे बोल्ट, त्याच्या सरकत्या पिना, नाहीतर चाकाच्या दांड्यांमधले रबरी बुश सैल झालेले असू शकतात. कॅलिपरचा बोल्ट सैल असणे ही चेष्टेची गोष्ट नाही. त्याच दिवशी बघावे.

मागच्या ड्रममधून बैलगाडीच्या आखासारखी कुईकुई आली तर बहुधा आत धूळ साचली आहे, किंवा शू ज्या पत्र्यावर टेकतात त्या जागा कोरड्या पडल्या आहेत. साफ करून त्या टेकण्याच्या जागी कणभर ग्रीस लावले की कुईकुई जाते. कणभर म्हणतो ते मुद्दाम. ग्रीस लायनरला लागले तर आवाज कायमचा जाईल आणि त्याबरोबर ब्रेकही जाईल. ड्रमच्या आत ओल दिसली, तेलकट डाग दिसला, तर सिलिंडर गळतो आहे असे समजावे. तेथे पुसापुशीने भागत नाही.

जिच्यात ए.बी.एस. आहे अशा गाडीत जोराचा ब्रेक मारला की पायाखाली गर्रर्र होऊन पेडल थरथरते. ती यंत्रणा आपले काम करते आहे, पाय काढू नका. भारतात २०१९ च्या एप्रिलपासून नव्या मोटारींना ती सक्तीची झाली, तेव्हा जुन्या बाजारातही आता अशा गाड्या येऊ लागल्या आहेत. उलट साध्या ब्रेकला पेडल फेऱ्याफेऱ्याने वर-खाली होऊ लागले, तर डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नाही.

इथवर वाजणाऱ्या दोषांचे झाले. पण मला खरी धास्ती वाटते ती न वाजणाऱ्या दोषांची, आणि आपला मुलूख उताराचा असल्यामुळे त्याबद्दल अंमळ सविस्तर बोलले पाहिजे.

गाडी थांबते म्हणजे तिचा वेग कुठे जातो? त्याची उष्णता होते. एक हजार किलो वजनाची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने चालली असता एकदम थांबवली, तर जेवढी उष्णता निघते तेवढ्यात सुमारे चार कप गार पाण्याला उकळी फुटेल. हे झाले सपाटीवर. आता तीच गाडी लोणावळ्याहून बोरघाटाने खोपोलीस उतरवा. साडेपाचशे मीटरच्या आसपास उतार आहे. तो सगळा निव्वळ ब्रेकवर उतरला, तर सोळा-सतरा लिटर पाणी उकळेल इतकी उष्णता. एक भरलेली घागर! वारा आणि इंजिन यांतला काही भार उचलतात, पण पाय सारखा पेडलवर ठेवून उतरणाऱ्याचा बराचसा भार चार चाकांच्या मुठीएवढ्या पॅडवर आणि लायनरवर पडतो. याच घाटात १८६३ साली रेल्वे सुरू झाली, आणि उतरणीवर भरकटलेल्या गाडीला चढावर वळवून थांबवण्यासाठी बाजूचे रूळ ठेवण्याची सोय रेल्वेने केली. मोटारीला असे रूळ नाहीत.

ब्रेकचा दाब पायापासून चाकापर्यंत नेतो तो एक द्रव; त्याला गॅरेजात ब्रेक ऑईल म्हणतात, जरी ते तेल नव्हे. त्याला हवेतली ओल शोषून घेण्याची खोड आहे. बहुतेक गाड्यांत डॉट ३ किंवा डॉट ४ जातीचा द्रव असतो. नवा डॉट ३ निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओल शोषलेल्याची हमी १४० अंशांपर्यंतच. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. घाट उतरताना तापलेल्या कॅलिपरमध्ये हा द्रव उकळला की वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पेडल खाली जाते, गाडी थांबत नाही, आणि आवाज? काहीसुद्धा नाही. मावळासारख्या दमट हवेत दर दोन वर्षांनी हा द्रव बदलावा. नवा द्रव पाण्यासारखा किंवा फिक्या मधासारखा दिसतो. जुन्या गाडीचे झाकण काढून आत कोऱ्या चहाचा रंग दिसला तर तो कधी बदललेला नाही असे खुशाल समजा.

उतरताना जुना नियम पाळावा: जो गिअर चढायला लागला असता त्याच गिअरमध्ये उतरायचे. पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करून, किंवा इंजिन बंद करून सोडणारे शहाणे आपल्या पाहण्यात असतात. इंजिन बंद झाले की पेडलला मदत करणारा बूस्टर दोन-चार दाबांतच रिकामा होतो. मग पेडल दगडासारखे होते.

तर गाडी घेण्यापूर्वी ही परीक्षा करा. विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. गार गाडीच खरे बोलते. इंजिन बंद असतानाच पेडल चार-पाच वेळा दाबा म्हणजे ते कडक होईल. मग पाय तसाच दाबून ठेवून इंजिन चालू करा. पेडल किंचित खाली गेले पाहिजे. गेले तर बूस्टर ठीक. पायाशी फुसफुस ऐकू आली तर हवा कुठेतरी फुटते आहे. आता अर्धा मिनिट पेडल जोराने दाबून धरा. ते हळूहळू तळाकडे जाऊ लागले तर मास्टर सिलिंडर गेला आहे किंवा कुठेतरी गळती आहे. हा सगळ्यात मुका दोष, आणि या एकाच कारणासाठी व्यवहार मोडावा.

मग काचा खाली करा, गाणे बंद करा आणि एखाद्या लांब भिंतीच्या कडेने हळू चालवा. भिंत चाकाचा आवाज कानावर परत टाकते. मोकळ्या माळावर तो विरून जातो. एकदा भिंत डाव्या हाताला, येताना उजव्या हाताला. ताशी वीसच्या वेगाने अलगद ब्रेक, चाळीसच्या वेगाने जरा दाबून, रस्ता मोकळा असेल तर एकदा कडक. गाडी एका बाजूला ओढली का? मागे घेताना ब्रेक दाबून पाहा. हलक्या चढावर उभी करून हँडब्रेक ओढा. बऱ्याच गाड्यांत पाच ते आठ खटक्यांत गाडी धरली पाहिजे. शेवटी दहा-बारा किलोमीटर चालवून, मुद्दाम कडक ब्रेक न मारता थांबा आणि चारही चाकांजवळ तळहात न्या, लावू मात्र नका. पुढची चाके मागच्यांहून गरम असणारच. पण पुढच्या दोहोंत एक गार आणि एक भाजणारे, असे असेल तर गरम बाजूचा कॅलिपर सुटत नाही. करपल्याचा वास आला तर पुराव्याला आणखी काही नको.

पॅड झिजलेले निघाले म्हणून गाडी सोडू नका. पॅड ही झिजण्यासाठीच केलेली वस्तू आहे, ती स्वस्त असते. त्याची किंमत व्यवहारातून वळती करून घ्या. डिस्क मात्र बघून घ्या. तिच्या कडेला बोटाला लागेल असा उंच काठ उभा राहिला असेल तर ती बरीच झिजली आहे. किती पातळ चालेल तो आकडा बहुतेक डिस्कवर कोरलेला असतो; त्याच्या खाली गेलेली डिस्क लेथवर घासून पुन्हा बसवून देतो म्हणणाऱ्याला नको म्हणा.

आणि गॅरेजमध्ये गाडी टाकल्यावर एवढे पाहा. आवाज बंद करणे आणि ब्रेक दुरुस्त करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॅडवर कानसीचा हात मारला, कडा गोल केल्या, पाठीला ग्रीस चोपडले, की आठवडाभर शांतता मिळते. पॅडमध्ये जीव असेल तर यात वावगे नाही, कंपन मोडण्याचा तो रीतसर उपाय आहे. पण संपलेल्या पॅडची वाजणारी जीभ वाकवून ठेवली तरीही अशीच शांतता मिळते. म्हणून काढलेले पॅड डोळ्यांनी बघा, जुने सामान परत मागा, आणि एका बाजूचे बदलले तर त्याच आसाच्या दुसऱ्या बाजूचेही बदलून घ्या. चाक बसवल्यावर गाडी हलवण्यापूर्वी मिस्त्रीने पेडल कडक होईपर्यंत दाबले की नाही, हेही विचारा. नव्या पॅडनंतर पहिले दोन-तीन दाब पोकळ जातात, आणि गॅरेजच्या दारातच समोरच्या वाहनावर गाडी जाऊन आदळते. नवे पॅड पहिले दोनएकशे किलोमीटर थोडे कमी धरतात, थोडे वाजतातही. तेवढे दिवस पवनानगरच्या सपाट रस्त्यावर बेताबेताने ब्रेक लावत गाडी चालवावी, आणि दुधिवरे खिंड त्यानंतर घ्यावी.